जाळलेलं शेण परत करा!

"आजपासून गोठ्यातलं शेण कुणालाही मिळणार नाही!" राजे रायाजीरावांनी हुकूम काढला आणि चिंचोळगडातल्या बारा घरांच्या चुली थंड पडल्या.

ही बारा घरं राजवाड्याचा गोठा झाडणाऱ्या बायकांची. झाडलोट झाली की प्रत्येकीनं टोपलीभर शेण घरी न्यायचं, गोवऱ्या थापायच्या आणि त्यांवर रांधायचं, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. लाकूडफाटा आणावा, तर रान राजांच्या शिकारीसाठी राखीव. पण यंदा शेजारच्या संस्थानातून भेट आलेला केळीचा घड आपल्या घडापेक्षा हातभर लांब निघाला आणि राजांची झोपच उडाली! आता शेणाचा कण न्‌ कण त्यांना केळीच्या बागेत हवा होता. (राजा म्हटलं म्हणून फार जुना काळ समजू नका. या राजांकडे मोटार होती. रोज ढकलावी लागे, ही गोष्ट वेगळी.)

तिसऱ्या दिवशी त्या बाराजणींतली ध्रुपदा थेट दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, पोरं दोन दिस नुसतं शेंगदाणं खात्यात. शेण द्या, न्हाईतर रान तरी उघडा!"

"शेण जाळून तुम्ही त्याची राख करता," राजे म्हणाले. "माझ्या केळींना काय राख घालू?"

"मग आमी चुलीत घालावं काय? पदर?"

दरबारात कुणीतरी खुसखुसलं. राजांना चेव चढला.

"बरं! ने शेण, रांध त्याच्यावर! पण जेवढ्या टोपल्या नेशील, तेवढं शेण माझ्या खड्ड्यात परत आलं पाहिजे. राख नको, शेणच! एक महिन्याची मुदत. जमलं तर बाराजणींचा हक्क कायम. नाही जमलं तर गोठ्याचं काम दुसऱ्या बायकांना!"

"आन्‌ महिनाभर खायाचं काय?"

"तोवर भाकऱ्या वाड्यातून मिळतील," राजे म्हणाले. माणूस हट्टी होता, दुष्ट नव्हता.

जाळायचंही आणि परतही करायचं! दरबार हसून लोळला. ध्रुपदा मात्र म्हणाली, "करते, सरकार!"

तिच्या बोलण्याला आधार होता, तो नवऱ्याच्या मिशीचा. नवरा राणबा वाड्याच्या न्हाणीघराचे नळ दुरुस्त करी. गेल्या वर्षी गोठ्यामागचं झाकलेलं शेणगटार तुंबलं, म्हणून त्यानं झाकण उघडलं, आत वाकला आणि वाकल्या वाकल्या बिडी पेटवली. भप्प! उजवी मिशी साफ! सगळं गाव महिनाभर हसत होतं. ध्रुपदाही हसली, पण हसता हसता तिनं विचारलं होतं, "अवो, शेण तर जसंच्या तसं हाय. मग पेटलं काय?"

आता ती घरी आली ती पदर खोचूनच. "तुमची मिशी वाया जाऊ द्यायची न्हाई. खड्डा खणा!"

राणबानं खड्डा खणून आतून बांधून काढला आणि त्याला दोन तोंडं ठेवली, एक आत घालायला, एक बाहेर काढायला. वाड्यातलं शेण नेलं की परत करणं आलं, म्हणून आधी त्यात पडलं रस्त्यावरचं शेण, कारण ते उचलेल त्याचं. बारा घरांचं उष्टं-खरकटं, भाजीची देठं, सडकी केळी, सगळं पाण्यात कालवून आत! वर पत्र्याचं मोठं पिंप पालथं घातलं आणि पिंपापासून चुलीपर्यंत नळी ओढली.

कारभारी नागोपंत नाक दाबून बघून गेले. "राजांनी शेण मागितलंय, बाई. लोणचं नव्हे!"

पंधरा दिवस पिंप ढिम्म हललं नाही. बाराजणींची रोजी तिच्या एका शब्दावर टांगलेली! आणि विसाव्या दिवशी पिंप वीतभर वर आलं. राणबानं एका हातानं मिशी झाकली आणि दुसऱ्या हातानं लांबूनच चुलीत काडी धरली. निळी ज्योत! धूर नाही, राख नाही! ध्रुपदा चुलीपुढे बसून घळाघळा रडली.

मग रोज वाड्यातलं बारा टोपल्या शेण पाण्यात कालवून खड्ड्यात जाऊ लागलं आणि दुसऱ्या तोंडातून तेवढाच रबडा बाहेर येऊ लागला. बाराजणी आळीपाळीनं त्या चुलीवर भाकऱ्या भाजू लागल्या.

महिना भरला तसे राजे स्वतः आले. निळ्या ज्योतीवरच्या तीन भाकऱ्या त्यांनी पिठल्याबरोबर हाणल्या आणि ढेकर देऊन म्हणाले, "आता आजचं शेण मोजा!"

नागोपंतांनी टोपली पुढे धरली. रबडा टोपलीतून गळून थेट त्यांच्या धोतरावर! शेवटी घमेल्यानं मोजला. दिल्या होत्या बारा टोपल्या, परत आला चोवीस टोपल्यांचा ऐवज!

"यात पाणी आहे!" नागोपंत ओरडले.

"केळीला पानी लागतंच की! माळीदादाचा हेलपाटा वाचला."

"पण याला शेणाचा वास कुठाय?"

"कारभारी, वास हवा आसंल तर येगळा पाठवते!"

माळी हात जोडून पुढे आला. "सरकार, ह्यो रबडा चार केळींना घातला. पानं कशी काळीशार झाल्यात, बघा तरी!"

राजांनी पानं पाहिली, मान हलवली. पण हट्ट तो हट्टच!

"शेण परत आलं, मान्य. पण ही आग? तीसुद्धा माझ्याच शेणातली. ती परत कर!"

राणबानं पुन्हा मिशी झाकली. ध्रुपदानं मात्र शांतपणे परात पुढे ओढली.

"ती तर कवाच पोचली, सरकार."

"कुठे पोचली?"

"तुमच्या पोटात! आग गेली भाकरीत, आन्‌ भाकऱ्या तीन तुमी खाल्ल्या. कमी पडली आसंल, तर चौथी टाकू?"

राजे आधी थक्क झाले, मग असे हसले की डोक्यावरची पगडी पिठल्यात पडली! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ध्रुपदाला दिलं. बाराजणींचा हक्क कायम केला आणि बाराही घरांना वाड्याच्या खर्चानं खड्डा, पिंप आणि नळी द्यायचा हुकूम सोडला. मग पाट ओढून ते पुन्हा चुलीजवळ बसले.

"हं, टाक ती चौथी!"