पडलेली पूर्व वेस

एका जुन्या नगरात एकदा एक व्यापारी इतिहासाच्या तरुण अभ्यासकाकडे आला. तीन पिढ्यांपूर्वी पडलेली पूर्व वेस त्याला वडिलांच्या स्मरणार्थ मूळ जागी पुन्हा उभारायची होती. अभ्यासकाने जुना नकाशा मांडून जागा दाखवली. नेमकी तिथेच चंद्राक्का कासारणीची बांगड्यांची टपरी होती. ती सकाळी हटवायचे ठरले.

हे सगळे सांगायला अभ्यासक नकाशा घेऊन समाधानाने आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. त्यांनी नकाशा उघडलाच नाही. "चल, पेठेत आज वरात आहे," एवढेच म्हणून ते त्याला घेऊन निघाले.

टपरीत चंद्राक्का बांगड्या जुन्या लुगड्यात बांधत होती. तिच्यापुढून वरात सरळ निघून गेली. बरीच पुढे, पाणपोईपाशी, मोकळ्या रस्त्यात मात्र सगळे थांबले.

"नवरदेव, उतरा खाली!" मामा ओरडला.

"का?"

"वेशीतून घोड्यावर बसून जातात होय? बाशिंग अडकेल!"

"अहो मामा, वेस आहे कुठं?"

"शहाणपण पुरे. तुझा बापही इथंच उतरला होता."

नवरदेव उतरला, मान लववून थोडे चालला आणि पुन्हा घोड्यावर बसला.

शिष्याचा चेहरा उतरला. "म्हणजे वेस इथे होती. माझी जागा चुकली."

"तसेही मी म्हणणार नाही," गुरू म्हणाले. "नकाशा काढणारा चुकला असेल, किंवा पिढ्यान् पिढ्या यांचीच पावले सरकत आली असतील. इतकी वर्षे या पेठेत हिंडूनही मला ठाऊक नाही. पण वेस ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना तू विचारले नाहीस. आपण चुकलो तर नकाशाची घडी घालून मोकळे होऊ. त्या बाईने कुठे जायचे?"

"शेटजींना काय सांगू? ते हसतील."

"हसू देत. नक्की ठाऊक नाही, एवढेच सांग. हे वाक्य जड जाते. मला अजूनही जाते."

शिष्य त्याच पावली व्यापाऱ्याकडे गेला. "एवढं शिकून हेच का?" व्यापारी म्हणाला, आणि खरोखरच हसला. पण बांधकाम थांबले.

सकाळी चंद्राक्का लुगड्याच्या गाठी सोडून बांगड्या पुन्हा मांडत होती. तिला पुढे पाणपोईपाशी शिष्य सायकलवरून उतरताना दिसला.

"काय मास्तर," ती तिथूनच ओरडली, "लग्न ठरलं वाटतं?"

शिष्य हसला. मान लववून, सायकल हाती धरून तो नसलेल्या वेशीतून पलीकडे गेला.