उंबऱ्यावरची कळी

समुद्र जिथं माडांच्या मुळांपर्यंत येतो आणि लाजून मागे फिरतो, तिथं सोनतळे नावाचं एक गाव होतं. त्या गावाचा सगळा जीव मोगऱ्यात. घरापुढे मोगरा, घरामागे मोगरा, विहिरीच्या काठाने मोगरा. पहाटे सगळं गाव कळ्या खुडायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि बाजाराच्या गाडीत चढवायचं. मान सगळा मिटलेल्या कळीला. एखादी कळी उमलली की ती वाया गेली म्हणायचे. उमललेल्या फुलाला बाजारात कोण विचारणार? म्हणून सोनतळ्याची माणसं जन्मभर मोगरा पिकवायची, आणि फुललेला मोगरा कसा दिसतो ते त्यांच्यातल्या कितीजणांना आठवतही नव्हतं. आहेत की नाही एकेक माणसं?

त्याच गावात नऊ वर्षांची फिलू तिच्या आईबरोबर राहायची. त्यांची छोटीशी वाडी होती, छोटीशी विहीर होती, विहिरीवर लाकडी रहाट होता. पण त्या वर्षी गावातल्या बऱ्याच विहिरींसारखं त्यांच्या विहिरीतही समुद्राचं पाणी शिरलं. पाणी खारट झालं आणि मोगऱ्याची हिरवी हिरवी पानं पिवळी पडू लागली. आई दुसऱ्यांच्या वाड्यांत कळ्या खुडायला जायची आणि येताना गोड्या पाण्याची एक घागर मागून आणायची. तेवढ्या पाण्यात झाडं जगवायची की माणसं? येत्या रविवारपर्यंत पाणी सुधारलं नाही तर वाडी सोडून शहरात मावशीकडे जायचं, असं आईने ठरवलं होतं. फिलूला ते ऐकून फार वाईट वाटलं होतं. त्या वाडीतलं झाड न् झाड तिने नाव घेऊन वाढवलं होतं.

शनिवारी सकाळी ती दार उघडून बाहेर आली तर उंबऱ्यावर एक कळी. केवढी? पेरूएवढी! पांढरीशुभ्र, देठ सोन्यासारखा पिवळाधमक. आणि कळीवर बसली होती करंगळीएवढी परी. तिचे इवलेसे पंख दवात भिजून चमचमत होते, आणि पायांत हिरव्या पाकळ्यांचे चिमुकले जोडे होते.

परीने सांगितलं, की तळ्यापलीकडच्या बागेच्या धन्याने आज सगळ्या गावाला जेवायला बोलावलंय. घरोघरी अशीच एक कळी ठेवून ती आली होती, आणि फिलूचं घर शेवटचं होतं.

"पण नियम आहेत, बाय," परी म्हणाली. "कळी विकायची नाही. फडक्याखाली झाकून ठेवायची नाही. ती फुलली की हातातलं काम टाकून यायचं. सूर्य समुद्रात बुडाला की फाटक बंद होईल. आणि जो फुलाचा वास घेऊन फाटकाशी येईल, त्याची एक इच्छा पुरी होईल."

फिलूला एकच इच्छा होती. विहिरीचं पाणी गोडं व्हावं. ती दिवसभर ती कळी तळहातावर घेऊन बसली. कळी थंड होती, तर तिने हाताची ऊब दिली. आई येता-जाता हसायची, पण तिने कळी टोपलीत टाक असं एकदाही म्हटलं नाही.

आणि बाकीचं गाव? तुम्हाला वाटेल, सगळे नटूनथटून बसले असतील. छे. एवढी मोठी कळी बघितल्यावर सगळ्यांचे हात आपोआप ओल्या फडक्याकडे गेले. उद्याच्या गाडीला चांगली जाईल म्हणाले. शेजारच्या बस्त्यावकाकांनी तर नवीन पंप आणला होता, तो चालवून बघायचा होता. कुणी म्हैस घेतली होती, तिला सोडून कसं यायचं? कुणाच्या घरी परवाच सून आली होती. परीला सगळ्यांनी गोड बोलून सांगितलं, की पुढच्या वेळी नक्की.

ऊन कलू लागलं तशी फिलूच्या हातातली कळी थरथरली आणि उमलली. एक पाकळी, दोन पाकळ्या, मग पाकळ्यांवर पाकळ्या. सगळी ओसरी घमघमली. आई सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अगो," ती हळूच म्हणाली, "हे असं असतं होय!" फिलूने तिचा हात धरला आणि दोघी निघाल्या.

बागेच्या फाटकाशी परी एकटीच उभी होती. आत लांबच लांब पंगत मांडली होती. हळदीच्या पानातल्या गरम पातोळ्या, नारळाच्या रसातली सांदणं, लाल-पिवळी केळी, आणि खायला कुणीच नाही. परीच्या पंखांची चमक मावळली होती.

"ज्यांना बोलावलं ते आले नाहीत," ती म्हणाली. "धनी म्हणतात, रस्त्यावर जे भेटतील त्यांना घेऊन या, पण पंगत रिकामी राहायची नाही. मला तर आज फाटकाबाहेर पुन्हा जाता येत नाही. तू फूल आणलंयस. तू आत ये आणि तुझी इच्छा माग."

फिलूने सूर्याकडे पाहिलं. तो पाण्यापासून दोन हात वर होता. एक पाऊल टाकलं की विहीर गोडी होणार होती. मग तिने त्या रिकाम्या पंगतीकडे पाहिलं आणि तिला रडूच आलं. एवढं प्रेमाने रांधलेलं अन्न थंड होत होतं.

"मी आणते," ती म्हणाली, आणि आईला घेऊन रस्त्याकडे पळाली.

मिठागरावरून थकून परतणाऱ्या बाया भेटल्या. रिकामी पाटी घेऊन चाललेली म्हातारी बोंबीलवाली भेटली. पण प्रत्येकीचं तेच, की आम्हाला कोण बोलावणार आणि आमच्याकडे कुठाय निमंत्रण? तेव्हा फिलूने आपल्या फुलाची एकेक पाकळी प्रत्येकीच्या हातावर ठेवली. आई त्यांची पोरं कडेवर घेऊन पुढे गेली. सगळ्यात शेवटी भेटला लंगडा जुजे शिंपी. कुबडी टेकत तो घराकडे चालला होता. फिलूने शेवटची पाकळी त्याला दिली, आपला खांदा दिला, आणि त्याच्याबरोबर सावकाश, अगदी सावकाश चालू लागली. सूर्य अर्धा बुडाला होता.

जुजे आत गेला. मागोमाग फिलू फाटकाशी आली, तेव्हा तिच्या हातात नुसता देठही उरला नव्हता.

"फूल?" परीने विचारलं.

फिलूने रिकामा तळहात पुढे केला. परी उडत उडत खाली आली, त्या तळहातावर बसली आणि तिने डोळे मिटले. दिवसभर ऊब दिलेला तो हात मोगऱ्याने नुसता दरवळत होता.

"वास घेऊन यायचं, एवढंच तर मी म्हटलं होतं," परी हसली, आणि फाटक सताड उघडलं.

आत कमरेला पंचा बांधलेला एक माणूस जुजेचे धुळीने माखलेले पाय धूत होता. हाच बागेचा धनी, हे फिलूला कळायला वेळ लागला. त्याने मान वर करून तिला विचारलं, की काय हवं? तिने विहिरीचं सांगितलं.

"ते तर सकाळीच दिलं, पोरी, कळी ठेवली तेव्हाच," धनी म्हणाला. "तू अजून पोहरा टाकून पाहिलाच नाहीस. दुसरं काही माग."

फिलूने जरा विचार केला. "मग बस्त्यावकाकांना आणि सगळ्यांना पुन्हा एकदा बोलवा ना."

धनी एवढा खळखळून हसला, की झाडावरची फुलं सगळ्यांच्या पानांत पडली. "बोलावू. पण निरोप तू न्यायचास. आणि त्या विहिरीवर कुणाला नाही म्हणायचं नाही."

रविवारी सकाळी रहाट फिरला, पोहरा वर आला. आईने ओंजळ तोंडाला लावली आणि ती हसायची सोडून रडायलाच लागली. पाणी शहाळ्यासारखं गोड होतं! फिलू भरलेली कळशी घेऊन थेट बस्त्यावकाकांच्या दारात गेली. काका फडकं उघडून बसले होते. आतली कळी काळी पडली होती. पंपातूनही खारंच पाणी आलं होतं. फिलूने कळशी पुढे केली. काका गटागटा प्यायले, मग मान खाली घालून म्हणाले, "मला पुन्हा बोलावतील?"

"बोलावलंय," फिलू म्हणाली. "तेच सांगायला आले."

दुपारपर्यंत विहिरीवर सगळं गाव लोटलं. रहाट कुरकुरत फिरत राहिला, घागरी भरत राहिल्या, आणि पाणी काही कमी होईना. पिवळी झाडं पुन्हा हिरवीगार झाली. परी रहाटाच्या चाकावर बसून हे सगळं बघत होती. पोहरा वर आला, त्यातल्या पाण्यावर ऊन पडलं, आणि ती त्या सोनेरी झळाळीत हसत हसत विरून गेली.

तेव्हापासून सोनतळ्यात बाजाराची गाडी भरण्याआधी प्रत्येक घर एक कळी बाजूला काढतं. ती विकत नाहीत आणि झाकतही नाहीत. उंबऱ्यावर ठेवतात, आणि संध्याकाळी ती फुलली की हातातलं काम टाकून दारात येतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला जेवायला हाक मारतात.