तेल की चूर्ण

एकदा एका नदीकाठच्या पेठेत एक वृद्ध वैद्य राहत असे, आणि त्याच्यापाशी नऊ वर्षे राहून शिकणारा एक शिष्य. नऊ वर्षांत शिष्याला मुळ्या ओळखता येऊ लागल्या, नाडी कळू लागली, आणि आपल्याला बरेच कळते हेही कळू लागले. हे शेवटचे ज्ञान माणसाला सगळ्यांत लवकर होते, असा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

एके सकाळी हळदीचा एक व्यापारी वैद्याकडे आला. आल्याबरोबर त्याने दार लोटून घेतले, मगच पगडी काढली. वय चाळिशीचे, अंगाने धडधाकट, पण कपाळ पार टाळूपर्यंत चढलेले. पहिली बायको मूलबाळ न होता गेली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने द्वारका नावाच्या वीस वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न केले होते. परवा सासुरवाडीच्या एका लग्नात भर पंगतीत त्याची पगडी घसरली आणि पोरीबाळी फिदीफिदी हसल्या. द्वारकाही पदराआड हसली की काय, हे त्याला नक्की कळले नव्हते, आणि तेच त्याला आतून खात होते. टक्कल झाकायला माणूस जेवढी अक्कल खर्च करतो, तेवढी तो धंद्यातही करत नसेल. पण ज्याचे जळते त्याला कळते.

वैद्याने अंगठ्याने त्याची टाळू दाबून पाहिली. मग त्याने एक विचित्र प्रश्न विचारला.

"शेटजी, तुम्ही जेवून उठलात की तुमच्या ताटात कोण बसतं?"

"कोण म्हणजे? घरातलीच," व्यापारी गोंधळून म्हणाला. "आमच्याकडे रीतच आहे. माझं झालं की ती त्याच ताटात वाढून घेते."

वैद्य 'हं' म्हणाला. आत जाऊन त्याने तेलाची एक बाटली आणली. "सकाळ-संध्याकाळ बोटांनी मुळांशी जिरवायचं. सहा महिने. मध्ये सोडायचं नाही."

व्यापाऱ्याने बूच काढले आणि तोंड फिरवले. "अहो, वैद्यबुवा! हे लावून दुकानात बसलो तर गिऱ्हाईक सोडा, माशीसुद्धा फिरकायची नाही. आणि घरात? सगळ्यांना कळेल की!"

"कळू दे."

"पोटात घ्यायचं काही नाही का? गुपचूप घेता येईल असं?"

"तुमच्यासाठी नाही," वैद्य म्हणाला आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

शिष्याला हे मुळीच पटले नाही. वरच्या फळीवर, तिसऱ्या बरणीत, खालित्यावरचे, म्हणजे टकलावरचे, काळे चूर्ण होते. गेल्याच वर्षी गुरुजींनी स्वतःच्या हाताने ते घाटावरच्या देवळातल्या पुजाऱ्याला दिले होते आणि एका पावसाळ्यात त्याचे डोके भरून आले होते. तेच औषध याला का नाही? पुजारी ओळखीचा म्हणून? की वयामुळे गुरुजींना आता बरणीही आठवत नाही?

दुपारी वैद्य जरा आडवा झाल्यावर शिष्य व्यापाऱ्याच्या दुकानी गेला. त्याला त्या माणसाची खरोखर दया आली होती, हे सांगितले पाहिजे. पण दयेच्या पोटात थोडी मिजासही होती, हेही सांगितले पाहिजे. त्याने कनवटीची पुडी काढली.

"चिमूटभर घ्यायचं. गरम भातावर तुपात कालवून, पहिल्या चार घासांबरोबर. जरा कडू लागेल."

"कडू चालेल रे बाबा. घरात कुणाला सांगावं लागेल का?"

"छे! कशाला?" शिष्य म्हणाला.

तीन महिन्यांत चार पुड्या झाल्या. व्यापाऱ्याच्या टाळूवर आधी लव आली, मग काळे, दाट केस आले. तो शिष्याला वाटेत गाठून पाठीवर थाप मारी आणि म्हणे, "तुझ्या गुरूपेक्षा तूच बरा!" शिष्य वरवर 'असं बोलू नये' म्हणे आणि घरी येताना चार पावले मुद्दाम सावकाश चाले. तेलाची बाटली व्यापाऱ्याच्या माळ्यावर बूच लावून तशीच पडली होती.

मग एका सकाळी व्यापाऱ्याचा दिवाणजी धापा टाकत आला. द्वारकेला दिवस गेले होते. पाचवा महिना लागल्याशिवाय ही गोष्ट उंबऱ्याबाहेर काढायची नाही, दृष्ट लागते, अशी त्या घराची चाल होती. त्यामुळे पेठेत कुणालाच ठाऊक नव्हते. पाचवा लागायला आठ दिवस उरले असताना रक्त जाऊ लागले होते.

वैद्य आणि शिष्य धावत गेले. सुईण आधीच आली होती. काढे झाले, लेप झाले, पाय उंच करून झाले. गर्भ गेला, आणि त्याच्यामागून रक्त थांबेना. द्वारका शेवटपर्यंत शुद्धीवर होती. तिन्हीसांजेला, दिवा लागायच्या आधी, ती गेली.

वैद्य अंगणात आला. व्यापारी पायरीवर बोडका बसला होता. पगडीची शुद्ध त्याला नव्हती. वैद्य त्या भरलेल्या डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

घरी परतताना तो शिष्याला म्हणाला, "तेलाने तीन महिन्यांत एवढे केस येत नाहीत. किती पुड्या दिल्यास?"

"चार," शिष्य म्हणाला. खोटे बोलण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते.

"त्या चूर्णातली मुळी पुरुषाला बाधत नाही. पोटुशीला बाधते. पुजारी एकटा रांधतो, एकटा जेवतो." एवढे बोलून वैद्य पुढे चालू लागला.

शिष्याला आता व्यापाऱ्याचे ताट दिसले. तुपात कालवलेले ते काळे चूर्ण ताटाला चिकटून राहत असणार. कडू घास नकोसा झाला की व्यापारी तो तसाच बाजूला सारत असणार. आणि मग त्याच ताटात ती बसत असणार, रोज, दोन्ही वेळा.

नऊ दिवस वैद्याने त्याविषयी एक शब्द काढला नाही. शिष्य रोज वाट पाही, की आज आपल्याला घराबाहेर काढतील. त्याने मनातल्या मनात वळकटी बांधूनही ठेवली होती. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

दहाव्या दिवशी दोघे घाटावर गेले. व्यापारी न्हाव्यापुढे खाली मान घालून बसला होता. वस्तरा फिरत होता आणि नवे, दाट केस पायरीवर गळत होते. शिष्याला तिकडे पाहवेना.

व्यापाऱ्याचे क्षौर आटोपले. तेवढ्यात वैद्याने खांद्यावरचे उपरणे काढून शिष्याच्या हाती दिले आणि तो स्वतः न्हाव्यापुढे जाऊन बसला.

न्हाव्याचा हात थबकला. "वैद्यबुवा, तुम्ही? तुमचं त्यांचं ना सोयर, ना सुतक."

"कर, बाबा."

घाटावरचे लोक कुजबुजू लागले. वैद्याचे पांढरे केस उतरले, त्याने नदीत बुडी मारली आणि तो ओलेत्याने शिष्याजवळ आला. शिष्याचा बांध फुटला.

"गुरुजी, पाप माझं आहे. आपण का? मलाच बसू द्या त्या न्हाव्यापुढे."

"तुझा अपराध तुला ठाऊक आहे, माझा ऐक," वैद्य म्हणाला. "मी त्यांना ताटाचं विचारलं, पण का विचारतो ते सांगितलं नाही. त्यांनाही नाही, तुलाही नाही. मला वाटलं, वैद्य बोलला म्हणजे पुरे झालं. एक वाक्य जास्त बोललो असतो तर ती पोर आज जिवंत असती. डोक्याला लावलेलं औषध बहुतेक डोक्यावरच राहतं. नको वाटलं तर धुता येतं. आणि त्या तेलाला वास आहे, तो मी कधी काढला नाही. त्या वासाने घरात सगळ्यांना कळतं की इथे औषध चालू आहे. पोटातलं औषध वाईट नव्हे, पुजाऱ्याला मीच दिलं. पण ते लपून जातं, आणि कुणाकुणाच्या पोटात जातं ते दिसत नाही. तू नुसतं डोकं पाहिलंस. मी घर पाहिलं, आणि पाहून गप्प बसलो. माझं गप्प बसणं तुझ्या पुडीपेक्षा लहान नाही."

"मग मीही क्षौर करतो."

"तू नाही. तुझे केस चार महिन्यांत वाढतील, आणि केस वाढले की फिटलं असं तुला वाटेल. तू तिकडे जा आणि त्यांना सांग. सगळं."

"ते मला जन्मात क्षमा करणार नाहीत."

"न करोत. त्यांना कळायला हवं."

व्यापारी घाटाच्या टोकाशी एकटाच बसला होता. शिष्य जवळ जाताच त्याने वर पाहिले. त्याचे डोळे सुजले होते. शिष्याने तोंड उघडण्याआधीच तो हलक्या आवाजात म्हणाला, "बरा आलास. एक पुडी बाजूला ठेव माझ्यासाठी. आत्ता नको, महिन्या-दोन महिन्यांनी. मामा आतापासूनच स्थळांचं बोलतायत. मला काही नको वाटतं रे, पण वंश..."

क्षणभर शिष्याला वाटले, परत फिरावे. या माणसाला आधीच किती दुःख आहे, त्यात हे कशाला? पण ती पुडी आणि पुढचे ताट त्याला डोळ्यांपुढे दिसले. तो पायरीवर बसला आणि त्याने सांगितले. चूर्ण काय होते ते सांगितले, गुरूने तेल का दिले होते ते सांगितले, 'छे, कशाला' हे आपलेच शब्दही सांगितले.

व्यापारी ओरडला नाही, अंगावर धावून आला नाही. त्याने दोन्ही हातांनी आपले भादरलेले डोके धरले. मग तो बोलला, पण शिष्याशी नव्हे.

"एकदा म्हणाली होती ती. म्हणाली, ताटाला काहीतरी कडू लागतंय, भात टाकू का? औषधाचं कळू नये म्हणून मी म्हटलं, तूप जुनं असेल, अन्न टाकू नये. मग तिनं ताट निपटून खाल्लं. त्यानंतर पुन्हा कधी काही बोलली नाही."

 ऊन चढेपर्यंत शिष्य तिथेच बसून राहिला. पुढे तो पेठेतला नावाजलेला वैद्य झाला. पण घरातल्या बाईला समोर बसवून, काय देतो आहोत आणि का देतो आहोत हे तिला सांगितल्याशिवाय त्याने पोटात घ्यायची पुडी कधी कुणाला बांधून दिली नाही.