भैरवराजांचा पापड

"पापड वाजला नाही," भैरवराजे भर पंगतीत म्हणाले.

राजे घाटावरचे. शिरबेट हे बेटावरचं शहर नुकतंच त्यांच्या राज्यात आलं होतं, म्हणून ते पहिल्यांदाच बघायला आले होते. शहराच्या तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला खाडी. तिथे कडाक्याची थंडी नाही, घाटासारखं भाजणारं ऊनही नाही, पण हवा बाराही महिने ओलसर. धोतर दोन दोन दिवस वाळत नाही. त्यात भटारखाना टेकडीच्या पायथ्याशी आणि वाडा माथ्यावर. पापड वर पोचेपर्यंत फडक्यासारखा लोंबू लागे.

दामू आचारी हात जोडून म्हणाला, "महाराज, इथली हवाच तशी आहे."

"मग हवेला सांग, राजे आलेत. उद्या आमच्या पानात पापड कडकडून मोडला नाही, तर तुला होडीत घालून पलीकडे सोडू. परत बेटावर पाय ठेवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दामूने पापड शालीत गुंडाळून वर धाडून पाहिला. मग डब्यात घालून. मग एका शिपायाला पापड घेऊन टेकडीवर पळवलं. शिपाई धापा टाकत पोचला, पापड मान टाकून पोचला.

दामू चुलीपाशी डोळे पुसत बसला. भांडी घासणारी येसू कोळीण उठली. "रडू नका काका, मी जाऊन येते."

ती रिकाम्या हातांनीच राजांपुढे उभी राहिली.

"पापड कुठे आहे?" राजांनी विचारलं.

"तळायचाय अजून. आधी एक विचारायचं होतं. या हवेत पापड नरम पडतो. महाराजही पडतात का?"

राजांच्या मिश्या थरथरल्या. "आम्ही? भर पावसात लढाया मारल्यात आम्ही. कुठल्याही हवेत नरम पडत नाही!"

"मग झालं तर. पापडाला टेकडी चढवत नाही, महाराजांनी उतरावी. पान चुलीशेजारीच मांडते."

राजे पेचात पडले. नाही म्हणावं, तर नरम पडल्यासारखं होणार. निमूट टेकडी उतरले आणि चुलीशेजारी पाटावर बसले. कढईतला पापड थेट पानात आला. राजांनी मूठ मारली. पापड असा कडाडला की मागचा शिपाई दचकून भाल्यासकट पिठाच्या परातीत बसला.

राजे पोट धरून हसले. दामूची शिक्षा तिथेच रद्द झाली, आणि येसूला बक्षीस म्हणून कोरी करकरीत होडी मिळाली.