सोनकीचा भित्रा बोचकू

ते नगर काही आटपाट नव्हतं, आणि तिथे राजाही नव्हता. डोंगराच्या कुशीत एक एवढंसं गाव होतं, करवंदवाडी. गावाच्या टोकाला, ओढ्याजवळ, शेणाने सारवलेलं एक खोपटं होतं आणि त्यात सोनकी नावाची चिमुकली मुलगी आईबरोबर राहायची. आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची आणि बाजारात नेऊन विकायची. केरसुण्या खपल्या की भाकरीबरोबर कालवण, नाही खपल्या की भाकरीबरोबर मीठ. सोनकीच्या परकराला इतकी ठिगळं होती, की त्याचा मूळ रंग कुठला हे आईलासुद्धा सांगता आलं नसतं.

पण सोनकीकडे एक श्रीमंती होती. तिचा ससा. एका बाजारच्या दिवशी एक माणूस टोपलीत ससे घेऊन बसला होता. गोरे गोमटे सगळे विकले गेले आणि एक मातकट, मुडपलेल्या कानाचा तेवढा उरला. आईने त्या माणसाला एक केरसुणी दिली आणि त्याने ससा दिला. तो कोपऱ्यात बसला की धुण्याचं बोचकं ठेवल्यासारखं दिसायचं, म्हणून त्याचं नाव पडलं बोचकू.

बोचकू घरातच राहायचा, घरातल्या माणसासारखा. आई केरसुणी बांधून ठेवायची आणि हा हळूच जाऊन तिची टोकं कुरतडायचा. आई कपाळाला हात लावायची. "आरं, लक्ष्मी हाय ती. लक्ष्मी कुणी खातं का?" म्हणायची आणि कुरतडलेली पानं कापून त्यांची इवलीशी केरसुणी बांधायची, मुलींच्या भातुकलीसाठी. बोचकू एखाद्या केरसुणीवरून उडी मारून गेला, की सोनकी धावत जाऊन केरसुणीला नमस्कार करायची. सशाला काय कळतंय, त्याच्या वाटचा नमस्कार आपणच करायला नको का?

असे कितीतरी उन्हाळे-हिवाळे गेले. बोचकू म्हातारा झाला, आणि दिवाळी सरल्यावर एका सकाळी तो उठलाच नाही. मायलेकींनी त्याला खोपटामागच्या बकुळीखाली ठेवलं.

करवंदवाडीत कुणाचं माणूस गेलं, की लोक येऊन ओसरीवर बसतात, चहा होतो, आणि गेलेल्याचे गुण आठवून आठवून सांगतात. सोनकी दिवसभर दारात बसून राहिली. कुणीच आलं नाही. संध्याकाळी शेजारची शेवंता आली, ती पाण्याची कळशी घेऊन चालली होती म्हणून. "रडतीस काय? नुसता ससाच होता की," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण सोनकीच्या मनाला ते लागायचं ते लागलंच.

"नुसता?" सोनकी म्हणाली. "आगं, कुत्र्याला पळवून लावलंवतं त्यानं."

ते खोटं होतं. पण शेवंताचे डोळे गोल झाले, आणि सोनकीला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कुत्र्याचा कोल्हा झाला. मग कोल्ह्याचा तरस झाला, आणि संक्रांतीपर्यंत बोचकूने एका बिबट्याला ओढ्यापार हाकललं होतं. गावची पोरं आ वासून ऐकायची आणि सोनकीची छाती फुगायची.

मग एका दुपारी तिने बोचकूला आठवायला डोळे मिटले, तर बोचकू आलाच नाही. त्याच्या जागी कुणीतरी भलाथोरला पांढराशुभ्र ससा उभा होता. सोनकीने घाबरून डोळे उघडले. बोचकूचा कान मुडपलेला होता, पण कोणता? डावा की उजवा? तिने आईला विचारलं. आई म्हणाली, मी कुठले त्याचे कान बघतेय, माझं लक्ष केरसुणीच्या टोकांकडे. बोचकू एकदा गेला होता. आता तो पुन्हा जात होता, आणि या वेळी सोनकीच्याच हातून. त्या रात्री तिला भाकरी गोड लागली नाही.

रोज सकाळी बोचकूसाठी लुसलुशीत हरळी खुडायची तिच्या हातांना सवयच होती. बोचकू गेला तरी हात ऐकेनात. मग ती खुडलेली हरळी नेऊन रानाच्या कडेला ठेवायची. त्या सकाळीही ती गेली. रानात दवच दव पडलं होतं. पानापानावर थेंबुकले, थेंबुकल्यात कोवळं केशरी ऊन, आणि गवताचं पातंन्‌पातं चमचम करत होतं. कारवीच्या झुडपावर एक थेंब इतरांपेक्षा जास्तच चमकला, हलला, आणि त्यातून एक इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख जांभळे होते, कडेला पोपटी, आणि झग्यावर दवाच्या टिकल्याच टिकल्या.

"ही हरळी कोणासाठी गं?" परीने विचारलं.

"ज्याला भूक लागली आसंल त्याच्यासाठी," सोनकी म्हणाली.

"मी रोज बघते तुला," परी हसून म्हणाली. "माझ्याकडे तुझ्यासाठी दोन इच्छा आहेत. तीन देणारी परी डोंगरापलीकडे असते, माझ्याकडे दोनच. आणि त्यांना नियम आहेत, बरं का. जो गेला, तो राहायला येत नाही, फक्त भेटायला येतो. दव आहे तोवरच थांबतो. आणि तू जसा सांगशील, अगदी तसाच येतो."

सोनकी झटकन पुढे सरली. "माझा बोचकू पायजे," ती म्हणाली, आणि सांगायला लागली. पण जिभेला इतक्या दिवसांचं वळण पडलेलं. भलाथोरला, ती म्हणाली. दुधासारखा पांढरा, ताठ कानांचा, कुणाला म्हणून न भिणारा.

दव एकदम लखलखलं, आणि समोर ससा उभा राहिला. भलाथोरला, पांढरा, ताठ कानांचा. सोनकीने हरळी पुढे केली. त्याने खाल्ली नाही. तो खायचा, हे तिने सांगितलंच नव्हतं ना. त्याचं नाकही हलत नव्हतं. तिने हात पसरले, पण तो जवळ आला नाही. जो कशालाच भीत नाही, त्याला कुणाच्या कुशीत कशाला शिरायचं असतं?

"ह्यो माझा न्हाई," सोनकी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"नाहीच," परी म्हणाली. "हा तुझ्या बढायांचा आहे. घाबरू नकोस, दव सुकलं की विरून जाईल. तुझी एक इच्छा अजून आहे. या वेळी नीट सांग."

सोनकीने डोळे पुसले. आता बोचकू येणार होता, खराखुरा. ती बोलणार, इतक्यात तिची नजर त्या पांढऱ्या सशाकडे गेली. ऊन वर चढत होतं, आणि तो हरळीसमोर नुसताच उभा होता. भुकेला असूनही त्याला खाता येत नव्हतं. सोनकीला वाटलं, याला बोलावलं मीच, घडवलं मीच, तेही अर्धंमुर्धं. यात या बिचाऱ्याचा काय दोष?

तिने खूप वेळ बकुळीच्या दिशेला पाहिलं. मग ती म्हणाली, "परीबाई, ह्याला ऱ्हाऊ द्या. माझी दुसरी इच्छा हीच."

"मग बोचकू भेटायचा नाही हं."

"ठावं हाय मला."

परी सशाजवळ उतरली. मग हळूच म्हणाली, "राहायचं तर खरं व्हावं लागतं, बाळ. तुझ्याजवळचं काही खरं दे त्याला."

सोनकीजवळ खरं असं काय होतं? बोचकूच होता. ती गवतात बसली आणि सशाला सांगायला लागली. बोचकूचं नाक झोपेतसुद्धा हलायचं. सशाचं नाक हललं. बोचकू हरळी खायचा, केरसुण्या खायचा, एकदा आईच्या लुगड्याचा काठ खाल्ला होता. सशाने हरळीला तोंड लावलं आणि कुरुमकुरुम खाल्ली. खुशीत आला की बोचकू दात करकर वाजवायचा. आणि त्याचा डावा कान, सोनकी म्हणाली, आणि थांबली. डावा! डावाच होता. आतून गुलाबी, आणि टोकाला हरभऱ्याएवढी खोच.

ती सांगत गेली तसा तो ससा लहान लहान होत गेला. पांढरा झगमगाट गळून पडला आणि खालून करड्या रंगाची मऊ लव निघाली. तो बोचकू नव्हता. त्याचे कान ताठच राहिले, आणि एक पाऊल पांढरं होतं. तो त्याचा तोच होता.

"बोचकू भित्रा होता," सोनकी म्हणाली. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "दूध उतू गेलं तरी ट्रंकंखाली पळायचा. एकदा मला लई ताप आला हुता. आई बाजारात गेलीवती. आन् दारावरनं वरात निघाली, ढोल-ताशे घेऊन. मला वाटलं, आता ह्यो दोन दिस काय बाहेर येत न्हाई. तर ह्यो ट्रंकंखालनं आला. समदं अंग थरथरत हुतं. तरी आला, आन् माझ्या हाताखाली डोकं घालून बसला, वरात पार जाईस्तवर."

करड्या सशाच्या अंगातून एक थरथर गेली. त्याने घाबरून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि टुणकन उडी मारून तो सोनकीच्या मांडीवर आला.

सोनकीने डोळे मिटले. बोचकू तिथेच होता. मातकट, मुडपलेल्या कानाचा, एकही केस इकडचा तिकडे झालेला नाही. तिला त्याचा इतका अभिमान वाटला, की तेवढा बिबट्याच्या वेळीही वाटला नव्हता.

"आता हा नाही हरवायचा," परी म्हणाली. "हे मी दिलेलं नाही, तुझं तूच मिळवलंस." तिचे पंख उलगडले. जांभळा, पोपटी, सोनेरी उजेड रानभर सांडला, सगळे थेंबुकले एकदम पेटल्यासारखे झाले, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. दवही सुकलं. ससा मात्र मांडीवर तसाच होता आणि तिच्या परकराचं एक ठिगळ खात होता.

सोनकी ससा घेऊन गावात आली, तशी पोरं गोळा झाली. शेवंताने विचारलं, बिबट्याला पळवणारा तो हाच का?

"न्हाई," सोनकी म्हणाली. "त्यानं बिबट्या पळवला न्हाई. कुत्राबी न्हाई. मी खोटं सांगितलंवतं." आणि आपल्या ओसरीच्या पायरीवर बसून तिने ढोल-ताशांची गोष्ट सांगितली, होती तशी. कुणी हसलं नाही. शेवंता कळशी खाली ठेवून तिच्याजवळ टेकली. मग आणखी एक मूल बसलं, मग आणखी एक, आणि ओसरी भरली. आईने आत चहाचं आधण ठेवलं.

"केवढा हुता गं तुझा बोचकू?" मागून एका बारक्याने विचारलं.

सोनकीने दोन्ही तळहात जवळ आणले, अगदी जवळ. "एवढासा," ती म्हणाली, आणि मागच्यांनाही नीट दिसावं म्हणून तिने ते हात उंच धरले.