राजाचा शब्द आणि दर्यातला ठोसेबाज

“कोळंबी! ही कोळंबीच आहे!” काचेच्या भांड्यात डोकावून भैरवराजांनी जाहीर केलं.

राजा बोले, दळ हाले! सगळ्या दरबारानं माना डोलावल्या. दिगंबरशास्त्र्यांनी तर दोनदा डोलावली. “शेपूट आहे, मिशा आहेत. शास्त्राप्रमाणे कोळंबीच, महाराज!”

राजे खूश झाले. भांड्याला नाक लावून ते त्या प्राण्याकडे कितीतरी वेळ टक लावून बघत राहिले. प्राणीही त्यांच्याकडे बघत होता. एवढ्यात मागून आवाज आला, “न्हाय महाराज, ही कोळंबी न्हाय.”

बोलला कोण? जोमा तांडेल! त्याच्याच जाळ्यात तो प्राणी सापडला होता. दर्यात काही नवलाचं सापडलं की राजवाड्यात आणून द्यायचं, ही उधाणगडची रीत. रीत पाळली तिथवर ठीक होतं हो, पण पुढं गप्प बसायचं की नाही! पाण्यात राहून माशाशी वैर? त्यातून भैरवराजांचा स्वभाव सगळ्या गडाला ठाऊक: आधी फटका, मग चौकशी. जोमाची रवानगी थेट कोठडीत झाली.

दुसऱ्या दिवशी जोमाची लेक धुरपा दरबारात येऊन उभी राहिली. “महाराज, माझ्या बापसाला सोडा. तो खोटं बोलला न्हाय.”

“म्हणजे मी खोटं बोललो?” राजे कडाडले.

“तसं कुठं म्हटलं मी?”

“मग ऐक! तुझा बाप खरा आहे, हे सिद्ध कर. पण माझा शब्द खोटा ठरता कामा नये! जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर तूही जा त्याच्या शेजारी बसायला!”

आली का पंचाईत! साप तर मारायचा, पण काठी मोडायची नाही. दरबारी एकमेकांना कोपरं मारून हसायला लागले. घरी चूल पेटली नव्हती, आई दाराकडे डोळे लावून बसली होती. आणि हा प्राणी धुरपानं तरी कधी बघितला होता? जन्मात नाही!

ती भांड्याजवळ गेली. शेजारी भांड्यातलं पाणी बदलायला खाऱ्या पाण्याची तांब्याची घागर भरून ठेवली होती. प्राण्याचं अंग हिरवंगार, झळझळीत. पुढचे दोन हात मुठी वळल्यासारखे छातीशी दुमडलेले. डोळे दांड्यांवर बसवलेले, एक इकडे फिरतोय तर एक तिकडे. धुरपानं प्राण्याकडे पाहिलं, मग सिंहासनाकडे पाहिलं, मग पुन्हा प्राण्याकडे. आणि ती गालातल्या गालात हसली.

“महाराज, आमच्या कोळीवाड्यात पोथ्या नसतात. कसं धरायचं, त्यावरून आमी जात सांगतो. कोळंबी मिशांना धरून उचलायची, खेकडा पाठीमागून धरायचा. शास्त्रीबुवा म्हणतात कोळंबी, तर त्यांनीच उचलून दाखवावी!”

“हात्तिच्या, त्यात काय एवढं!” शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं आणि भांड्यात हात घातला.

ठाप!

“अगं आई गं! मेलो, मेलो!” शास्त्रीबुवा एका पायावर नाचायला लागले. बोट बघता बघता टम्म सुजलं. “खेकडा आहे मेला, खेकडा!”

“मग धरा की मागून!” धुरपा म्हणाली.

शास्त्रीबुवांनी दुसरा हात घातला. शेपटीचे काटे कचकन तळव्यात घुसले! आता नाचायला दोन्ही पाय अपुरे पडले.

“व्हा बाजूला! एवढीशी कोळंबी धरता येत नाही?” राजे बाह्या सरसावून उठले. त्यांचा हात भांड्यापर्यंत पोचायच्या आतच प्राण्यानं काचेवर असा काही ठोसा हाणला की खळ्ळकन भांडं फुटलं आणि सगळं खारं पाणी राजांच्या जरीच्या जोड्यांत! धुरपानं चपळाईनं प्राण्याला पदरात गुंडाळून शेजारच्या घागरीत सोडलं.

“ही कसली कोळंबी!” राजे ओरडले. आणि ओरडल्यावर त्यांनी जीभ चावली. राजांचा चेहरा लालबुंद. “म्हणजे माझा शब्द खोटा पाडलास! कोतवाल!”

“थांबा महाराज! कोण म्हणतं खोटा?” धुरपा म्हणाली. “तुमी बोललात तवा ती कोळंबीच होती. मऊ, गरीब बिचारी! मग तुमी भांड्याला नाक लावून तिला बघितलंत, आणि तिनं तुमाला बघितलं. यथा राजा तथा प्रजा! तिनं लगेच झळझळीत पोशाख चढवला. एक डोळा खजिन्यावर, एक डोळा मुदपाकखान्यावर ठेवायला शिकली. कुणाला अंगाला हात लावू देईना. आणि आधी फटका, मग चौकशी! एवढं सगळं शिकल्यावर ती कोळंबी राहील होय? माझा बापूस बोलला तो तुमच्यानंतर. तवर तिचा राजा झाला होता! म्हणून तुमचा शब्दही खरा, आणि त्याचाही!”

राजांच्या मिशा थरथरत होत्या. घागरीतून आवाज आला, ठण्ण! राजे वाकले, आत डोकावले. दांड्यांवरचे दोन डोळे त्यांच्याकडे रोखलेले होते.

आणि राजे हसत सुटले! हसता हसता पागोटं घसरलं, तेही त्यांनी घसरू दिलं. “सोडा रे जोमाला! पण पोरी, हिला आता ठेवू कुठल्या हौदात? माशांच्या, खेकड्यांच्या की कोळंब्यांच्या?”

“राजाला कुणी दुसऱ्याच्या घरात ठेवतं होय? वेगळा हौद बांधा. आणि दगडी बांधा महाराज, काचेचा नको!”

राजांनी राणीवशातून सोन्याचे गोठ मागवले आणि धुरपाला दिले. कोठडीतून आलेल्या जोमाला त्यांनी विचारलं, “काय रे, कोळंबी आहे का ही?” जोमानं तोंड उघडलं, तोच धुरपानं त्याच्या पायावर पाय दिला.

राजे आणखी मोठ्यांदा हसले. “आजपासून दर्यातून काहीही नवं येवो, ते काय आहे हे आधी धुरपा सांगेल. मी नंतर बोलेन!”

राजा बोले, दळ हाले! सगळ्या दरबारानं माना डोलावल्या. तुपात बोट बुडवून बसलेल्या शास्त्रीबुवांनी तर दोनदा डोलावली.