तस्कर म्हणजे कोण

“मग तस्कर म्हणजे साधा चोरच ना?” चिद्घनबुवांनी विचारलं.

हरिहर याच प्रश्नाची वाट बघत होता. शब्दाचं मूळ सापडल्यापासून त्याला जेवणाचीही शुद्ध नव्हती. डोंगरावरच्या मठात तो जवळजवळ पळतच आला होता.

“नाही, महाराज. चोरट्या मालाचा धंदा करणाऱ्याला आज आपण तस्कर म्हणतो. पण जुने शब्दशास्त्री सांगतात, तत् करोति. ‘ते’ करतो, तो तस्कर.”

“ते म्हणजे काय?”

“पाप! पण त्यांनी नावच घेतलं नाही. नुसतं ‘ते’ म्हणून मोकळे झाले.”

बुवा मनापासून खूश झाले. “आजचं प्रवचन तू कर. हेच सांग.”

हरिहरला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांची प्रवचनं ऐकून त्याचे कान किटले होते, आणि आज मंडपात लोक त्याला ऐकायला बसणार होते.

मठाची रीत अशी, की बोलणाऱ्यानं आधी स्वतः गंध उगाळायचं आणि प्रत्येक श्रोत्याच्या कपाळाला लावायचं. हरिहर पक्क्या तयारीचा गडी; कधीतरी आपली पाळी येईल म्हणून सगळं जवळच बाळगायचा. त्यानं झोळीतून चंदनाचं नवंकोरं खोड काढलं आणि सहाणेवर उगाळायला बसला. खोली घमघमली.

“अस्सल दिसतंय,” बुवा म्हणाले. “कुठून आणलंस?”

“घाटाखाली एक जण देतो. अगदी स्वस्तात.”

“त्याला कुठून मिळतं?”

“रानातून. अंधार पडला की तो...” हरिहर अडखळला. “म्हणजे... ते करतो, महाराज.”

त्याचा हात थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुवांनी कपाळ पुढे केलं. “लाव.”

हरिहरचा हात उठेना...

खालच्या मंडपातून टाळांचा आवाज येऊ लागला. गपचूप गंध लावलं, तर प्रवचन त्याचंच होतं. खरं बोललं, तर इतक्या वर्षांची आस पाण्यात.

“चोरून तोडलेलं आहे,” तो शेवटी म्हणाला. “घेताना मला ठाऊक होतं.”

बुवांनी सहाणेवरचं गंध बोटावर घेतलं आणि हरिहरच्याच कपाळाला भरून लावलं.

“पुसू नकोस,” ते म्हणाले. “जा, लोक वाट बघताहेत.”